आधी स्वतःचे साहेब व्हा, मग ‘बूस्ट’चं बटण दाबा



नवीन धंदा सुरू केलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. “सर, गिऱ्हाईक येत नाही. जाहिरातीवर किती पैसे टाकू?” आजचा लेख याच प्रश्नावर आहे, आणि माझं उत्तर काही जणांना आवडणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की लहान धंद्यात जी अडचण आपल्याला मार्केटिंगची वाटते, ती बहुतेक वेळा मालकाच्या शिस्तीची असते. शिस्त नसताना जाहिरातीत टाकलेला पैसा म्हणजे गळक्या बादलीत ओतलेलं पाणी. नळ मोठा केला म्हणून बादली भरत नाही.

हे मी कडक बोलतोय, कारण या पैशाच्या मागे काय असतं ते मला माहीत आहे. कोणी बायकोचे दागिने गहाण ठेवलेले असतात, कोणी बचत गटातून कर्ज उचललेलं असतं, कोणी नोकरीतून सुटताना मिळालेली फंडाची रक्कम लावलेली असते. मोठ्या कंपनीची एक जाहिरात फसली तर त्यांच्या मीटिंगमध्ये चर्चा होते. तुमची फसली तर घरात मुलांच्या फीची चर्चा होते.

साहेब नाही, म्हणून कोणी विचारणारही नाही

नोकरीत सकाळी साडेनऊला पोहोचावंच लागतं. उशीर झाला तर कोणीतरी विचारतं. काम राहिलं तर कोणीतरी ओरडतं. धंद्यात आपण याच कटकटीतून सुटायला येतो. पण त्या कटकटीनेच आपल्याकडून काम करून घेतलं जात होतं, हे नंतर कळतं.

आता दुकान दहाला उघडलं काय आणि अकराला उघडलं काय, कोणी मेमो देत नाही. पाच ग्राहकांना फोन करायचे होते, दोनच केले, कोणी रागवत नाही. गिऱ्हाईक मात्र मेमो न देता शिक्षा करतं. दोनदा शटर बंद दिसलं की तिसऱ्या वेळी ते तुमच्या गल्लीत वळतच नाही. आणि ते का येत नाही, हे सांगायलाही येत नाही.

स्वतःचं नेतृत्व म्हणजे नेमकं काय? आमच्या क्षेत्रात या विषयावर फार मोठमोठे शब्द वापरले जातात. पहाटे पाचला उठा, आरशासमोर उभं राहून बोला, मोठी स्वप्नं बघा. उठा की, चांगलंच आहे. पण पाचला उठून आठपर्यंत प्रेरणादायी व्हिडिओ बघणारा माणूस आणि साडेसातला उठून कालच्या तीन चौकशांना फोन करणारा माणूस, यातला दुसरा मला जास्त मोठा उद्योजक वाटतो. माझे व्हिडिओसुद्धा याला अपवाद नाहीत. कालच्या चौकशीला उत्तर दिलं नसेल तर आधी ते द्या, व्हिडिओ नंतर बघा. तो कुठे पळून जात नाही. गिऱ्हाईक जातं.

माझ्या मते स्वतःचं नेतृत्व चार साध्या गोष्टींत दिसतं.

1. वेळ. दुकानाची किंवा कामाची वेळ ठरवा आणि ती पाळा. किती तास उघडं ठेवता यापेक्षा सांगितलेल्या वेळी उघडं असतं का, हे महत्त्वाचं. पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावर कितीतरी विनोद झाले. पण त्या विनोदातली गंमत बघा, बंद कधी असतं हे सगळ्या गावाला पाठ होतं! तुमचं दुकान कधी उघडं असतं, हे तुमच्या गल्लीला तरी पाठ आहे का?

2. गल्ला. घरचा खिसा आणि धंद्याचा गल्ला एक असेल तर धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. संध्याकाळी गल्ल्यातून भाजीला दोनशे काढले, पेट्रोलला तीनशे काढले, मुलाच्या वह्यांना शंभर. महिनाअखेर माल भरायला पैसे नाहीत आणि आपण म्हणतो, “मार्केट डाऊन आहे.” आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काही नाही. धंद्याचं वेगळं खातं उघडा, क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा आणि स्वतःला महिन्याचा पगार ठरवा. पाच हजार असेल तर पाच हजार. पण ठरलेल्या तारखेला आणि ठरलेलाच.

3. उधारी. “आज रोख, उद्या उधार” ही पाटी सगळीकडे असते. तिच्याखालीच उधारीची वही असते. उधारी देऊच नका असं मी म्हणणार नाही, गावातला धंदा तसा चालत नाही. पण कोणाला, किती आणि किती दिवस, हे माल देताना ठरवा, नंतर नाही. “काका, हे आठशे रुपये येत्या दहा तारखेला लिहू का?” एवढं एक वाक्य समोरच बोललात तर पुढची भांडणं टळतात. पैसे मागायची लाज वाटते म्हणून जो नवीन गिऱ्हाईक शोधायला जातो, तो नवीन उधारी शोधायला जातो.

4. नोंद. रात्री दुकान बंद करताना दहा मिनिटं वहीत चार आकडे लिहा. आज किती चौकशा आल्या, त्यातल्या किती जणांनी खरेदी केली, किती रुपयांची, आणि तो माणूस आपल्यापर्यंत कुठून आला. शेवटचा आकडा मिळवायला एकच प्रश्न विचारायचा असतो, “आमच्याबद्दल कुठून कळलं?” या चार आकड्यांशिवाय मार्केटिंगवर बोलणं म्हणजे थर्मामीटर न लावता तापाची गोळी देणं.

आता मार्केटिंग, पण घरापासून

मार्केटिंग म्हटलं की आपल्याला अनोळखी माणसं दिसतात. दहा हजार लोकांपर्यंत पोस्ट गेली पाहिजे, व्हिडिओ व्हायरल झाला पाहिजे. मला वाटतं लहान धंद्याचं मार्केटिंग उलट्या बाजूने सुरू व्हायला हवं, ज्यांनी एकदा पैसे दिले आहेत त्यांच्यापासून.

त्यांना तुमची चव माहीत आहे, तुमचं शिवणकाम माहीत आहे, तुम्ही फिरवलेली वायर अजून शॉर्ट झालेली नाही हे माहीत आहे. त्यांचा विश्वास तुम्ही आधीच कमावला आहे. तरीही आपण त्यांना वर्षभर फोन करत नाही आणि जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यावर पैसे उधळतो.

साधा हिशोब करा. समजा तुमच्याकडे 200 जुन्या ग्राहकांचे नंबर आहेत. रोज पाच जणांना स्वतः फोन किंवा मेसेज केला, तर 40 दिवसांत सगळ्यांशी बोलणं होतं. खर्च शून्य. पण “शुभ सकाळ” आणि गुलाबाचा फोटो पाठवू नका. कामाचं बोला. “ताई, मागच्या वर्षी श्रावणात तुम्ही उपवासाची भाजणी नेली होती. यंदा ताजी दळलीय, अर्धा किलो बाजूला ठेवू का?” हा मेसेज फक्त तुम्हीच पाठवू शकता, कारण मागच्या वर्षीची नोंद तुमच्याच वहीत आहे. शिस्त आणि मार्केटिंग कुठे जोडलेलं आहे, ते दिसलं ना?

याच्यासोबत काही फुकटातली कामं आहेत. ती एकदा नीट करायची आणि महिन्यातून एकदा तपासायची.

गुगलवरची नोंद. गुगल बिझनेस प्रोफाइल बनवायला पैसे लागत नाहीत. पत्ता, फोन, वेळ, साप्ताहिक सुट्टी, दुकानाचा समोरून काढलेला फोटो आणि कामाचे पाच-सहा फोटो टाका. गणपतीत किंवा दिवाळीत वेळ बदलली तर तिथेही बदला. खूश झालेल्या ग्राहकाला तिथल्या तिथे विनंती करा, “दादा, दोन ओळी गुगलवर लिहाल का?” त्याबदल्यात सवलत किंवा भेटवस्तू देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही. आणि मेव्हण्याकडून, मित्रांकडून खोटे पाच तारे घेऊ नका. लोकांना ते वाचल्यावर कळतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. यात कॅटलॉग आहे, वारंवार येणाऱ्या प्रश्नांना तयार उत्तरं ठेवता येतात, ‘नवीन चौकशी’, ‘पैसे बाकी’ अशी लेबलं लावता येतात. किती जणांनी अ‍ॅप घेतलंय आणि किती जण ही लेबलं वापरतात, ते तुमचं तुम्ही बघा. ब्रॉडकास्टची एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच पोहोचतो. म्हणून बिल देतानाच सांगा, “नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की कळवतो.” आणि ज्यांना नको असेल त्यांना यादीतून काढा, मनाला लावून घेऊ नका.

किंमत लिहा. “किंमतीसाठी इनबॉक्स करा” हा प्रकार मला अजिबात पटत नाही. किंमत लपवली की ग्राहक दोन अर्थ काढतो. एकतर महाग असेल, नाहीतर माणूस बघून भाव सांगत असतील. साडी असो, केक असो किंवा एसीची सर्व्हिसिंग, निदान “इतक्यापासून पुढे” एवढं तरी लिहा. ज्याला परवडत नाही तो विचारणार नाही, म्हणजे तुमचाही वेळ वाचला. ज्याला परवडतं तो तयारीने येईल.

फोटो. महागडा कॅमेरा नको. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मागे पसारा न ठेवता काढलेला मोबाइलचा फोटो पुरतो. इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीच लावू नका. ग्राहक त्या फोटोसारखा पदार्थ मागायला येतो, आणि तो तुमचा नसतो.

सवलतीचं व्यसन

गिऱ्हाईक कमी झालं की आपला हात पहिला जातो तो सवलतीच्या पाटीकडे. “फक्त दहा टक्के तर कमी केले,” असं म्हणतात. आता हे दहा टक्के कुठून जातात ते बघू.

समजा एक ताई घरगुती चकली 400 रुपये किलोने विकतात. भाजणी, तेल, गॅस, पॅकिंग आणि मदतनीस बाईची मजुरी धरून खर्च 300 रुपये येतो. किलोमागे नफा 100 रुपये. दिवाळीत 50 किलो विकली तर 5,000 रुपये हातात. आता त्यांनी 10 टक्के सवलत दिली. भाव झाला 360. खर्च तोच, 300. नफा उरला 60 रुपये. तेच 5,000 कमवायला आता जवळजवळ 84 किलो चकली तळावी लागेल.

म्हणजे भाव दहा टक्के उतरला, पण नफा चाळीस टक्के गेला आणि कढईसमोरचं काम दोन तृतीयांशाने वाढलं. पन्नास किलो तळतानाच ज्यांचे खांदे भरून येतात, त्यांनी चौतीस किलो जास्त तळायची, ती का? तर भावावर ठाम राहायची भीती वाटली म्हणून. हा प्रश्न मार्केटिंगचा आहे की मनाचा, तुम्हीच सांगा.

सवलत द्यायचीच तर कारणाने द्या. आगाऊ पैसे भरले, मोठी ऑर्डर दिली, गर्दीच्या आधीच्या आठवड्यात माल नेला, तर द्या. त्यात तुमचाही फायदा असतो. नुसता चेहरा पाडून दिलेली सवलत ग्राहकाला एकच शिकवते, पुढच्या वेळीही थोडं थांबायचं, भाव उतरतो.

मग जाहिरात कधी करायची?

करायची, नक्की करायची. मी जाहिरातीच्या विरोधात नाही. पण त्याआधी दोन आकडे हातात हवेत. एका ऑर्डरमागे नफा किती आणि एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीचा खर्च किती.

समजा फेसबुकवर 3,000 रुपये टाकले. 60 जणांनी विचारलं, 6 जणांनी ऑर्डर दिली. एक ऑर्डर मिळवायला 500 रुपये लागले. तुमचा एका ऑर्डरमागचा नफा 150 रुपये असेल तर तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकामागे 350 रुपये स्वतःच्या खिशातून भरले. तो ग्राहक वर्षात चार-पाच वेळा परत येणार असेल तर हे चालेल. एकदाच येणार असेल तर नाही चालणार.

आणि यातला खरा प्रश्न आधीच्या ओळीत लपलाय. 60 जणांनी विचारलं आणि 54 जण का गेले? कित्येकदा उत्तर साधं असतं. दुपारी विचारलेल्या प्रश्नाला रात्री उत्तर गेलं. भाव सांगितला, पण पुढे “कधी पाठवू?” असं विचारलंच नाही. परत एकदा फोन केला नाही. तुम्ही जाहिरात बदलाल, फोटो बदलाल, एजन्सी बदलाल, पण फोन उचलणारा माणूस तोच राहणार असेल तर निकालही तोच राहणार.

ज्यांनी हे केलं, त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं

आपल्या मातीतलीच दोन उदाहरणं बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर बनवले, तर शेतकऱ्यांना वाटायचं की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. आज आपण दोन आठवड्यांत लाइक आले नाहीत म्हणून पेज बंद करतो. पी हळद अन् हो गोरी!

1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं माहितीपत्रक म्हणून निघालेलं हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत वाचलं गेलं. आज ज्याला आपण कंटेंट मार्केटिंग म्हणतो, ते शंभर वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीतून चालत होतं. नुसतं “आमचा माल घ्या” म्हणत राहिले असते, तर ते मासिक घराघरांत कोणी वाचलं असतं का?

दुसरं उदाहरण लिज्जतचं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, काम सुरू. देणग्या घ्यायच्या नाहीत, दर्जाशी तडजोड नाही आणि हिशोब चोख ठेवायचा, ही त्यांची शिस्त. ‘कुर्रम कुर्रम’ची टीव्हीवरची जाहिरात नंतर आली. आधी शिस्त आली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण जाहिरात बघतो आणि तीच यशाचं कारण समजतो.

“सर, पण वेळच मिळत नाही”

हे मी मान्य करतो. सकाळी डबे, मग मुलांची शाळा, मग ऑर्डरी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, अशी कसरत करणाऱ्या ताईंना “शिस्त लावा” असं खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. एकट्याने दुकान चालवणाऱ्याला जेवायलासुद्धा शटर अर्धं ओढावं लागतं. अशांना आळशी म्हणणारा मी कोण?

पण म्हणूनच सांगतो. ज्याच्याकडे माणसं जास्त, पैसा जास्त, त्याला ढिसाळपणा परवडतो. आपल्याला परवडत नाही. दहा कामं करायला वेळ नसेल तर दोनच निवडा, पण ती रोज करा. रोज एक रील टाकणं जमत नसेल तर टाकू नका, आभाळ कोसळत नाही. पण रात्रीची नोंद आणि पाच जुन्या ग्राहकांशी बोलणं, ही दोन कामं चुकवू नका. घरातल्या माणसांनाही सांगा, “रात्री नऊ ते साडेनऊ मी हिशोबाला बसणार.” घर एकदा ते गंभीरपणे घेऊ लागलं की तुम्हीही घेऊ लागता.

आणखी एक गोष्ट. मंदी खरी असते, समोर मोठं मॉल उघडतं तेही खरं असतं, ऑनलाइनवाले भाव पाडतात तेही खरं. यातलं काहीच तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात शटरची वेळ आहे, वही आहे, फोन आहे आणि तुमचा शब्द आहे. मोठ्या मॉलला तुमच्यासारखं “काकू, गुडघा कसा आहे आता?” असं विचारता येत नाही. ती तुमची ताकद आहे, ती वापरा.

पुढच्या 30 दिवसांचं काम

पाच ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा.

1. ठरलेल्या वेळी उघडणार. उशीर झाला तर त्याची वेळ वहीत लिहिणार.
2. गल्ल्यातून घरासाठी पैसे काढणार नाही. पगार ठरलेल्या तारखेलाच.
3. रोज पाच जुन्या ग्राहकांशी नाव घेऊन बोलणार.
4. प्रत्येक नवीन ग्राहकाला “कुठून कळलं?” विचारणार.
5. रात्री चार आकडे लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

हे तीस दिवस जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका. महिन्याच्या शेवटी वही उघडा. गिऱ्हाईक कुठून येतं, कुठे गळतं आणि कोणत्या मालात खरा पैसा उरतो, हे तुम्हाला कुठल्याही एजन्सीपेक्षा जास्त कळलेलं असेल. मग पैसे टाका, आणि जिथून गिऱ्हाईक येताना दिसतंय तिथेच टाका.

पाचव्या-सहाव्या दिवशी कंटाळा येईल. “एक दिवस नाही लिहिलं तर काय होतंय,” असं मन म्हणेल. त्या क्षणी तुम्हाला विचारणारा साहेब कोणी नसेल. तिथे तुम्हालाच साहेब व्हायचं आहे. वही पुढे ओढा, तारीख टाका आणि पहिला आकडा लिहा.

वही आजच आणा. वीस रुपयांची पुरते.